कळस्विच (जुनी गणकयंत्रे व कळफलक)

कळस्विच म्हणजे कळफलकावरील किंवा गणकयंत्रावरील प्रत्येक कळेच्या खाली बसवलेली, बोटाच्या दाबाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी यंत्रणा होय. बोलीभाषेत कळेला 'बटन' म्हणतात आणि स्विच व त्यावरची टोपी यांत भेद केला जात नाही. परंतु जुन्या यंत्रांची ओळख, दुरुस्ती किंवा जतन करावयाचे असल्यास हा भेद पहिला आणि आवश्यक ठरतो. टोपीवर अक्षर किंवा अंक असतो, टोपी दांड्यावर बसते, दांडा कवचात खालीवर सरकतो आणि कवचाच्या आत विद्युत जोडणी होते किंवा तुटते. दोन कळफलक बाहेरून हुबेहूब सारखे असूनही आतून पूर्णतः भिन्न असू शकतात. एकाची दुरुस्ती एक स्विच बदलून दहा मिनिटांत होते, तर दुसऱ्याचा संपूर्ण पापुद्रा बदलल्याशिवाय तो चालत नाही. हे न ओळखता केलेल्या दुरुस्तीने चांगले यंत्र कायमचे निकामी होते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा पट्टा मुंबईच्या कचेऱ्यांत, बँकांत व रेल्वेत नोकरी करणाऱ्या कारकुनी वर्गाच्या वस्तीचा म्हणून ओळखला जातो. टंकलेखन संस्था, सहकारी बँका, लेखापालांच्या कचेऱ्या आणि लघुउद्योग यांमुळे येथे कळफलकांचा व गणकयंत्रांचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. त्यामुळे या लेखातील उदाहरणे शक्य तेथे याच परिसरातील वापराशी जोडलेली आहेत.

पार्श्वभूमी

यांत्रिक टंकलेखन यंत्रात स्विच नसतो. कळ दाबली की तरफांच्या साखळीतून अक्षराचा खिळा थेट कागदावर आदळतो, म्हणजे बोटाचा जोर हाच छपाईचा जोर असतो. गोदरेज अँड बॉईस या कंपनीने १९५५ साली पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. ठाण्याच्या अलीकडेच असलेल्या विक्रोळी येथील या कंपनीची यंत्रे पुढील अर्धशतक राज्यभरातील कचेऱ्यांत व टायपिंग क्लासांत दिसत राहिली. २००९ मध्ये उत्पादन थांबले. या यंत्रांवर शिकलेल्या हातांना कळ खोलवर दाबण्याची आणि खटका ऐकण्याची सवय असते. संगणकाचा कळफलक निवडताना ही सवय पुढे निर्णायक ठरली, त्याचा उल्लेख पुढे येतो.

इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रात आणि संगणकात बोटाच्या जोराने काही छापायचे नसते, फक्त 'कळ दाबली गेली' एवढी सूचना मंडलाला द्यायची असते. १९६१ मध्ये ब्रिटनच्या बेल पंच कंपनीने आणलेले अनिता हे टेबलावरील पहिले पूर्णतः इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र मानले जाते. जपानच्या शार्प कंपनीचे सीएस-१०ए हे यंत्र १९६४ साली आले. त्याचे वजन २५ किलो होते आणि किंमत ५ लाख ३५ हजार येन. या दोन्ही यंत्रांवर एकक, दहक, शतक अशा प्रत्येक स्थानासाठी एक ते नऊ अंकांचा स्वतंत्र उभा स्तंभ होता. आज परिचित असलेली दहा अंककळांची मांडणी इलेक्ट्रॉनिक यंत्रांत त्यानंतर रुळली. स्तंभरचनेचे यंत्र हाती आले तर ते त्या पहिल्या पिढीतील किंवा त्याहीपूर्वीचे यांत्रिक असण्याची शक्यता मोठी असते.

भारतात १९७० च्या दशकात डीसीएम डेटा प्रॉडक्ट्स या कंपनीने गणकयंत्रे बनवली. तेथून बाहेर पडलेल्या शिव नाडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोकॉम्प ही कंपनी काढून टेलिव्हिस्टा या नावाने गणकयंत्रे विकली. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या एचसीएलची पाळेमुळे याच व्यवसायात आहेत. आयातीवरील निर्बंधांमुळे त्या काळी परदेशी गणकयंत्र घरात असणे ही अपूर्वाईची गोष्ट होती आणि म्हणूनच अशी यंत्रे बंद पडल्यावरही फेकली गेली नाहीत. ठाणे-डोंबिवलीच्या जुन्या घरांत माळ्यावर ती आजही सापडतात, ती या कारणाने.

स्विचांचे प्रकार

धातुस्पर्शी स्विच. सर्वांत समजण्यास सोपा प्रकार. दांडा खाली गेला की धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. जर्मनीत स्थिरावलेल्या चेरी या मूळच्या अमेरिकी कंपनीची एमएक्स मालिका १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आली आणि आजही तिचे उत्पादन चालू आहे. तिच्या दांड्याचे टोक अधिक चिन्हाच्या आकाराचे असते. एकूण हालचाल ४ मिलिमीटर, त्यापैकी साधारण २ मिलिमीटर खाली गेल्यावर जोडणी होते. स्पर्शबिंदू सोन्याच्या मिश्रधातूचे आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे असतात, त्यामुळे धूळ बसण्यास जागा अत्यल्प उरते.

एमएक्स स्विचांची जात दांड्याच्या रंगावरून सांगितली जाते. काळा व लाल सरळ प्रवासाचे, म्हणजे वाटेत अडथळा नसलेले. तपकिरी दांड्याला मध्येच हलका उंचवटा जाणवतो. निळ्या दांड्यात उंचवट्याबरोबर स्पष्ट खटका ऐकू येतो. निळ्याचा दांडा दोन भागांचा असतो. आतील भाग दाबला जात असताना त्याभोवतीची सैल पांढरी बाही ठरावीक बिंदूला निसटून झटक्याने खाली आदळते आणि तो आदळण्याचा आवाज म्हणजेच खटका. काळ्या व निळ्या स्विचला सुमारे ६० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो, लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅम.

जपानच्या आल्प्स कंपनीचे स्विच हे एमएक्सचे जुने प्रतिस्पर्धी होत. त्यांच्या दांड्याच्या टोकाला आडवी आयताकार खाच असते आणि कवच चौरस नसून आयताकार असते. ॲपल कंपनीच्या १९८७ च्या एक्स्टेंडेड कळफलकात हेच स्विच होते. नवे असताना आल्प्सचा स्पर्श एमएक्सपेक्षा सरस असल्याचे अनेक जाणकार मानतात. मात्र धुळीपुढे त्याचा टिकाव लागत नाही. आत गेलेली बारीक माती दांड्याच्या कडा खरवडते आणि कळ करकरू लागते. भारतीय हवेत उघड्यावर राहिलेला आल्प्स कळफलक क्वचितच मूळ स्थितीत सापडतो.

रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत बंदिस्त केलेल्या लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या आणि दांड्याला चिकटवलेला लहान लोहचुंबक अशी याची रचना. चुंबक जवळ आला की पात्या एकमेकींना चिकटतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीच्या व १९७० च्या आरंभीच्या टेबलावरील जपानी गणकयंत्रांत हा प्रकार वारंवार आढळतो. नळी हवाबंद असल्याने दमटपणाचा पात्यांवर परिणाम होत नाही. पन्नास वर्षांनंतरही चालू असलेल्या कळा बहुधा याच प्रकारच्या असतात.

हॉल परिणामाचा स्विच. यातही चुंबक असतो, पण पात्यांऐवजी चुंबकीय क्षेत्र ओळखणारी अर्धवाहकाची चकती असते. अमेरिकेतील हनीवेल कंपनीच्या मायक्रो स्विच विभागाने हा प्रकार १९६० च्या दशकाच्या अखेरीस कळफलकांत आणला. धातूला धातू कोठेच टेकत नसल्याने झीज जवळपास नाही. मात्र प्रत्येक स्विचला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो, म्हणून तो महाग पडला आणि औद्योगिक व लष्करी उपयोगापुरता उरला. अलीकडे खेळांसाठीच्या कळफलकांत तो नव्या रूपात परतला आहे.

धारितेवर चालणारे स्विच. येथे जोडणी होतच नाही, दोन पट्ट्यांमधील अंतर बदलल्याने धारिता बदलते व मंडल ती मोजते. यात तीन अगदी निराळे वंश आहेत. पहिला, की ट्रॉनिक कंपनीचा स्पंजाचा: कळेच्या तळाशी स्पंजाची गोल चकती आणि तिला चिकटवलेला धातूचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पापुद्रा. दुसरा, आयबीएमचा वाकणाऱ्या स्प्रिंगचा. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीसोबतचा मॉडेल एफ कळफलक या प्रकारचा होता. तिसरा, जपानच्या टोप्रे कंपनीचा, ज्यात रबरी घुमटाखाली शंकूच्या आकाराची स्प्रिंग असते. यांपैकी स्पंजाचा प्रकार वयोमानाने हमखास मरतो. स्पंज भुसभुशीत होऊन त्याची पूड होते आणि एकामागून एक कळा मुक्या पडतात. असा कळफलक 'जळाला' असे समजून टाकून दिला जातो. वास्तविक मंडल शाबूत असते आणि चकत्या बदलल्या की तो पूर्ववत चालतो.

आयबीएमच्या पुढच्या मॉडेल एम कळफलकात वाकणारी स्प्रिंग तीच राहिली, पण खालची धारितेची पाटी जाऊन प्लास्टिकचे पापुद्रे आले. आवाजावरून एफ आणि एम यांतला फरक नवख्याला कळत नाही. मॉडेल एमच्या मागील लेबलावर भाग क्रमांक व उत्पादनाची तारीख छापलेली असते, ती पाहणे सर्वांत खात्रीचे.

पापुद्र्याचा व वाहक रबराचा प्रकार. तीन प्लास्टिक पापुद्रे, बाहेरच्या दोहोंवर चांदीच्या शाईने काढलेल्या वाटा, मधल्याला भोके: दाब पडला की भोकातून वरची वाट खालच्या वाटेला टेकते. स्वस्त, शांत आणि आज सर्वाधिक विकला जाणारा कळफलक हाच. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याखाली भारतात आणलेला डीबी स्पेक्ट्रम हा घरगुती संगणकही पापुद्र्यावरच चालत असे. वाहक रबराच्या प्रकारात रबरी घुमटाच्या पोटाला कार्बनची काळी गोळी असते आणि ती मंडलावरील दोन वाटा जोडते. दुकानाच्या गल्ल्यावर दिसणारी सिटिझन, कॅसिओ किंवा मोरबीच्या ओरपॅटची गणकयंत्रे सामान्यतः या रबरी घराण्यातील असतात.

धातूचा घुमट. खिशात मावणाऱ्या पहिल्या पिढीच्या गणकयंत्रांचा हा प्रकार. पातळ धातूची फुगीर चकती दाबली की टचकन आत जाते आणि सोडली की वर येते. १९७२ च्या एचपी-३५ या पहिल्या खिशातील वैज्ञानिक गणकयंत्रात धातूच्या पट्टीवरच असे उंचवटे काढलेले होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या त्याच काळातील यंत्रांत क्लिक्सॉन नावाच्या चकत्या होत्या. हे नाव मुळात कंपनीच्या उष्णता-स्विचांचे होते. या चकत्यांची यंत्रे जुनी झाल्यावर एकदा दाबलेला अंक दोनदा उमटवण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

ओळखण्याची पद्धत

प्रथम यंत्र न उघडता पाहावे. जोडणीची तार बरेच काही सांगते. पाच टाचण्यांची जाड गोल पिन १९८० च्या दशकातील पीसीची खूण आहे. लहान गोल पिन १९८७ च्या आयबीएम पीएस/२ पासूनची आणि यूएसबी १९९६ नंतरची. दहा कार्यकळा डाव्या बाजूला उभ्या असतील तर कळफलक पहिल्या पिढीचा, बारा कळा वरच्या ओळीत असतील तर १९८५-८६ नंतरच्या मांडणीचा. खिडकीचे चिन्ह असलेली विंडोज कळ १९९४ पूर्वीच्या कळफलकावर नसते. भारतीय यंत्रांना आणखी दोन सोयीच्या खुणा आहेत. रुपयाचे ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले, त्यामुळे ते छापलेली कळ त्याआधीची असू शकत नाही. तसेच गणकयंत्रावर जीएसटीची कळ असल्यास ते १ जुलै २०१७ च्या आसपासचे किंवा नंतरचे समजावे. 'जुने, दुर्मीळ' म्हणून विकायला ठेवलेल्या वस्तूंबाबत या दोन खुणा कमालीच्या उपयोगी पडतात.

त्यानंतर एक टोपी काढावी. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकटू नये. दांडा वाकतो आणि जुने प्लास्टिक तुटते. टोपीच्या दोन समोरासमोरच्या कडांखाली तारेचे दोन फासे घालून सरळ वर ओढणे सुरक्षित. स्पेस बार किंवा एंटरसारख्या लांब कळांखाली समतोल राखणारी तार असते, म्हणून चाचणीसाठी साधी अक्षरकळ निवडावी. आता दांड्याचे टोक पाहावे. अधिक चिन्ह दिसल्यास एमएक्स किंवा तिची नक्कल, आडवी खाच दिसल्यास आल्प्स किंवा तिची नक्कल, दांडाच नसून उभ्या नळीत मोकळी स्प्रिंग दिसल्यास आयबीएम. दांडा थेट खालच्या साच्यातच सरकत असेल आणि वेगळे कवच नसेल, तर खाली रबर किंवा पापुद्रा आहे असे धरावे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे इष्ट आहे: रंग म्हणजे जात नव्हे. चेरीचा निळा आणि आल्प्सचा निळा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर काइल्ह, गेटरॉन, आउटेमू अशा अनेक चिनी उत्पादकांनी त्याच रंगांची व त्याच दांड्यांची स्विचे बाजारात आणली. एवढेच नव्हे, तर अधिक चिन्हाचा दांडा पुढे अनेक साध्या पापुद्र्याच्या कळफलकांतही वापरला गेला, कारण त्यावर कोणतीही टोपी बसते. म्हणून दांड्याबरोबर कवचावरील नाव पाहणे आवश्यक. खऱ्या चेरी स्विचच्या वरच्या कवचावर कंपनीचे नाव कोरलेले असते. आल्प्सच्या कवचावर बहुधा नाव असते, नक्कलेवर ती जागा कोरी असते किंवा दुसरी खूण असते.

मल्टिमीटरची चाचणी शंका मिटवते. यंत्राचा वीजपुरवठा पूर्ण काढून स्विचच्या दोन पायांना टोके लावावीत व कळ दाबावी. रोध काही ओहमच्या आत आला तर धातुस्पर्शी किंवा रीड स्विच. शंभर ओहम ते काही हजार ओहम असा डळमळता आकडा आला तर वाहक रबर. काहीच बदल झाला नाही तर धारितेचा किंवा हॉल परिणामाचा प्रकार, अथवा मेलेला स्विच. रीड आणि साधा धातुस्पर्शी यांत भेद करण्यासाठी कळ न दाबता बाजूने छोटा लोहचुंबक फिरवावा. रीड असल्यास रोध आपोआप घसरतो आणि कधी कधी बारीक टिक ऐकू येते. हॉल परिणामाच्या स्विचला दोनऐवजी सामान्यतः चार पाय असतात. डायोड शेजारी जोडलेले असल्यास टोकांची अदलाबदल करून दोनदा मोजावे, अन्यथा चांगला स्विचही मेलेला वाटतो.

बिघाडाचा आकृतिबंधही साक्ष देतो. एकच कळ बंद आणि शेजारच्या सर्व चालू असल्यास स्विच सुटे असण्याची शक्यता जास्त. एकाच वेळी सात-आठ कळा बंद असतील, तर दोष कळांत नसून त्यांच्या सामाईक ओळीत आहे. पापुद्र्याच्या कळफलकात चहा किंवा पाणी सांडल्यावर चांदीच्या शाईची एखादी वाट तुटते तेव्हा असेच होते.

झिजेच्या खुणा

टोपीवरील झीज यंत्राचा प्रकार सांगत नाही, वापरणाऱ्याचा व्यवसाय मात्र सांगते. फक्त उजवीकडील अंककळा गुळगुळीत झालेल्या असतील तर कळफलक हिशेबाच्या टेबलावर होता. मराठी टंकलेखनाची खूण अधिक रंजक आहे. इन्स्क्रिप्ट मांडणीत 'र' हे अक्षर इंग्रजी 'जे'च्या कळेवर आणि हलन्त 'डी'च्या कळेवर येतो. इंग्रजी मजकुरात 'जे' हे सर्वांत कमी लागणाऱ्या अक्षरांपैकी एक. तेव्हा 'जे'ची कळ 'ई' किंवा 'टी'च्या बरोबरीने चकाकत असेल तर त्या कळफलकावर देवनागरी मजकूर पुष्कळ टंकित झाला आहे असा तर्क करता येतो.

टोपीवरील अक्षर कसे उमटवले आहे हेही पाहावे. दोन रंगांचे प्लास्टिक एकात एक ओतून केलेले अक्षर कधीच पुसले जात नाही आणि टोपी उलटी केल्यावर आतूनही त्याची रेषा दिसते. वरून छापलेले अक्षर काही वर्षांत जाते. पिवळी पडलेली टोपी मळलेली असतेच असे नाही. एबीएस प्रकारच्या प्लास्टिकवर उजेडाचा, विशेषतः अतिनील किरणांचा, हा परिणाम असतो आणि साबणाने तो जात नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १९६२ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली. वागळे इस्टेट, कळवा-बेलापूर पट्टा आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांतील कारखान्यांच्या हिशेब विभागांत प्रथम यांत्रिक, मग इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रे आली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांच्या शाखांत खातेवही नोंदवणारी यंत्रे येऊ लागली आणि पाठोपाठ संगणक. नागरी सहकारी बँकांचे जाळे या जिल्ह्यात दाट आहे. डोंबिवली नागरी, ठाणे जनता आणि कल्याण जनता या तिन्ही सहकारी बँका १९७० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. आकडे भरणे हेच काम असलेल्या या पिढीच्या बोटांखालून गेलेल्या कळफलकांचा एकत्रित इतिहास कोणी लिहिलेला नाही, ही खेदाची बाब आहे.

भारतात मोठ्या संख्येने विकला गेलेला धातुस्पर्शी कळफलक म्हणजे टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'गोल्ड'. चेरीच्या निळ्या स्विचांमुळे तो ओळखला जातो. बँका, तिकीट खिडक्या, बिलाची काउंटरे आणि टंकलेखन संस्था येथे त्याचा खटखटाट परिचयाचा झाला. जगात इतरत्र निळा स्विच हौशी लोकांची महागडी वस्तू समजला जात असताना येथे तो साध्या कारकुनाच्या टेबलावर होता. याचे एक कारण वर आलेच आहे: टंकलेखन यंत्रावर घडलेल्या हाताला ऐकू येणारा खटका हवा असतो, कारण नजर कागदावर असताना अक्षर उमटल्याची पोच कानालाच मिळते. मात्र 'गोल्ड' हे नाव पाहून आत चेरीच आहे असे गृहीत धरू नये. टोपी काढून कवचावरील नाव वाचावे.

राज्यातील लिपिक-टंकलेखक पदांसाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. हाताच्या यंत्रावरील परीक्षा बंद होऊन ती आता संगणकावर होते. परीक्षार्थीच्या दृष्टीने कळस्विच ही हौसेची बाब राहत नाही. स्विचच्या पट्ट्या एकमेकींना टेकताना काही सहस्रांश सेकंद थरथरतात; कळफलकातील नियंत्रक हा काळ सोडून देतो. स्पर्शबिंदू झिजले किंवा मळले की थरथर लांबते आणि एका दाबात दोन अक्षरे येतात. इंग्रजीत ते दुप्पट अक्षर नजरेतून सुटू शकते. मराठीत दुबार उमटलेली वेलांटी बहुतेक प्रणालींत ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते. दोन्ही ठिकाणी चूक परीक्षार्थीच्या नावावर जाते. बँकेच्या नोंदीत तेच दुबार आलेले शून्य रकमेची दसपट करते. एकच अक्षर वारंवार दुबार येत असेल तर दोष बोटाचा नसून स्विचचा आहे, हे ओळखण्याची साधी कसोटी म्हणजे तीच कळ निरनिराळ्या व्यक्तींकडून सावकाश पन्नास वेळा दाबवून मोजणे.

खाडी व उल्हास नदीच्या काठच्या या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा अत्यंत दमट असते. चांदीचे स्पर्शबिंदू हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडतात, सोन्याचे काळवंडत नाहीत. उघड्या चांदीच्या स्पर्शाचे जुने स्विच आणि सोन्याचे छेदबिंदू असलेले स्विच यांतील किमतीचा फरक रासायनिक कारखान्यांशेजारच्या वस्तीत काही पावसाळ्यांतच वसूल होतो. काळवंडलेल्या स्पर्शासाठी काच पेपर वापरू नये, त्याने मुलामा निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब दांड्याच्या कडेने सोडून कळ शंभरएक वेळा दाबणे हा सौम्य उपाय बऱ्याचदा पुरतो. वाहक रबराच्या गोळीला तेही अल्प प्रमाणात, कापसाच्या बोळ्याने लावावे.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा उल्हासनगरच्या बाजारात मिळतात. जुने कळफलक मात्र शीळफाटा-डायघर परिसरातील भंगार गोदामांत वजनावर जातात. तेथे मॉडेल एम आणि साधा पापुद्र्याचा कळफलक यांचा भाव एकच असतो.

धोके

जुने गणकयंत्र उघडण्यापूर्वी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. निक्सी नळ्यांवर अंक दाखवणाऱ्या यंत्रांत सुमारे १७० व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो संधारित्रांत काही काळ टिकतो. निकेल-कॅडमियमची बॅटरी गळलेली असल्यास हिरवट-पांढरी भुकटी दिसते. ती अल्कधर्मी आणि विषारी आहे, हातमोजे घालूनच साफ करावी. १९७० च्या दशकातील मोजक्या कळफलकांत पाऱ्याची बारीक नळी असलेले स्विच वापरले गेले. दांड्याला जोडलेल्या बंद नळीत चंदेरी द्रव हलताना दिसल्यास तो स्विच उघडू नये, धुऊ नये आणि डागणीची कथली जवळ नेऊ नये. असा कळफलक, किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला कोणताही कळफलक, घरच्या कचऱ्यात टाकणे योग्य नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जाणे अपेक्षित आहे.